पक्ष्यांची जात आणि माणसाची



आम्ही काही पक्षीतज्ज्ञ नव्हे. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात बत्तीस वर्षे फिटरचे काम केले, निवृत्त झालो आणि आता नातवंडांच्या वह्या-पुस्तकांत लक्ष घालतो. तेव्हा आम्ही या पानावर बुलबुल आणि घुबडांविषयी लिहावे याचे अनेकांना नवल वाटेल. परंतु आमच्या नातीने आम्हाला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही पक्ष्यांपर्यंत जाऊन पोहोचलो. तो प्रश्न उद्या तुमच्या घरीही येऊ शकतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०१७ सालची गोष्ट. नात तेव्हा सहावीत होती. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. परत आली ती गप्प गप्प. केक खाल्लास का, गाणी म्हटलीत का, कशालाच नीट उत्तर देईना. रात्री जेवणे झाल्यावर विज्ञानाचे पुस्तक घेऊन आमच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, तिच्या आजीने मला विचारलं, तुमची जात कोणती? मी म्हटलं, आम्ही बौद्ध. तर म्हणाली, ते झालं, पण आधीची कोणती?"

आमच्या सौ. भांडी आवरता आवरता थांबल्या.

"मग तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही. तर त्याच म्हणाल्या, अगं, विचारलं तर बिघडलं कुठे? पक्ष्यांत पण जाती असतात. चिमणी काय कावळ्याच्या घरट्यात राहायला जाते? निसर्गाचंच तसं आहे." एवढे बोलून तिने पुस्तक उघडून आमच्यापुढे धरले. त्यात ठळक अक्षरांत छापले होते, 'पक्ष्यांच्या विविध जाती'. "बघा, पुस्तकात पण आहे. मग त्या आजी खरं बोलल्या का?"

आम्ही म्हणालो, "तसं नसतं गं पोरी."

"मग कसं असतं?"

आणि तिथेच आम्ही अडलो. वस्तीतल्या सभेत आम्ही तास तास बोललो आहोत. जयंतीला भाषणे केली आहेत. पण सहावीतल्या पोरीच्या 'मग कसं असतं?' या तीन शब्दांनी आमची बोलती बंद केली. जात वाईट हे आम्हाला ठाऊक होते, ते अंगावर झेललेले होते. पण पक्ष्यांची जात म्हणजे नेमके काय आणि ती ठरवतो कोण, हे आम्हाला ठाऊक नव्हते. "शोधून सांगतो" असे म्हणून वेळ मारून नेली. पोर झोपली. आम्हाला मात्र झोप आली नाही.

पुढे २०१८ च्या जानेवारीत आमच्या विहारातर्फे श्रीलंकेची यात्रा निघाली. भिशीचे पैसे आणि थोडे फंडातले घालून आम्ही उभयतांनी नावे नोंदवली. १९५० साली बाबासाहेब ज्या बेटावर बौद्ध परिषदेला गेले होते, ते बेट एकदा डोळ्यांनी पाहायचे, एवढीच इच्छा होती. अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहिला आणि कँडीला मुक्कामाला आलो. कँडीच्या दंतधातू विहाराच्या पाठीमागेच उडवट्टकेले नावाचे राखीव जंगल आहे. पहाटे फिरायची सवय म्हणून आमच्यातले पाच-सहा जण तिकडे गेलो. सोबत आमच्या बसचा सिंहली वाटाड्या होता. मोडकी हिंदी बोलणारा, वयाने आमच्याच बरोबरीचा गृहस्थ.

चालता चालता त्याने हात आडवा केला आणि एका झाडाकडे बोट दाखवले. फांदीवर चिमणीहून मोठा, पोटाकडून हळदीसारखा पिवळा पक्षी बसला होता. डोक्यावर जणू काळी टोपी घातलेली, शेपटीच्या टोकाला पांढरे. वाटाड्या म्हणाला, हा बुलबुल. "पहले किताब में आपका और हमारा एक था. अभी अलग है. अभी ये सिर्फ लंका में." हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की जणू घरातला मुलगा मॅट्रिक पास झाला.

आम्ही विचारले, "अलग किसने किया?" तो हसून म्हणाला, "किताबवालों ने." आम्हाला नातीचे पुस्तक आठवले.

त्याच दिवशी दुपारी आम्ही मातलेजवळच्या अलुविहारेला गेलो. मोठमोठ्या खडकांच्या कुशीत हा विहार आहे. तोवर पिढ्यान् पिढ्या भिक्खूंनी तोंडपाठ ठेवलेला त्रिपिटक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात इथे ताडपत्रांवर लिहून काढला गेला, अशी तिथली परंपरा सांगते. तिथे सावलीत बसलो असता आम्ही सोबतच्या भंतेजींना नातीचा प्रश्न सांगितला. भंतेजी थोडे हसले आणि म्हणाले, "दादा, हा प्रश्न तुमच्या नातीच्या आधी वासेट्ठाने विचारला आहे."

मग त्यांनी आम्हाला सुत्तनिपातातले वासेट्ठ सुत्त समजावून सांगितले. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद लागला की माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की वर्तनाने. दोघे तथागतांकडे आले. तथागतांनी जातीचा विषय गवतापासून सुरू केला. गवत, झाडे, किडे-मुंग्या, चार पायांचे प्राणी, साप, मासे आणि पंखांनी उडणारे पक्षी, या सर्वांत जन्मतःच वेगवेगळ्या खुणा असतात, म्हणून त्यांच्यात निरनिराळ्या जाती आहेत. माणसांत मात्र तशी खूण नाही. केसांत नाही, डोळ्यांत नाही, ओठांत नाही, मानेत नाही, खांद्यात नाही. माणसामाणसांत जो फरक आहे तो केवळ नावाचा, व्यवहाराने दिलेला. जो शेती करतो तो शेतकरी, जो कारागिरी करतो तो कारागीर.

आम्ही चकितच झालो. त्या आजीबाईंनी ज्या पक्ष्यांचा दाखला देऊन आमच्या नातीला गप्प केले होते, तेच पक्षी तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी नेमक्या उलट बाजूने साक्षीला उभे केले होते.

परंतु नातीला नुसते 'असे सांगितले आहे' म्हणून भागणार नव्हते. ती खूण म्हणजे काय आणि ती तपासतात कशी, हे दाखवायला हवे होते. सुदैवाने आमच्या चाळीतला एक मुलगा प्राणीशास्त्रात एम.एस्सी. करत होता. परत आल्यावर आम्ही त्याला गाठले. तो चार रविवार आमच्या घरी आला आणि इंग्रजी पुस्तकांतले वाचून त्याने आम्हाला व नातीला समजावले.

त्याने सांगितले ते असे. लंकेच्या त्या बुलबुलाला १७८९ साली ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव दिले. आपल्या सह्याद्रीत, गोव्यापासून खाली केरळपर्यंतच्या दाट रानात, त्याचा एक नातलग राहतो. तसाच पिवळा, तसेच काळे डोके, पण गळा विस्तवासारखा लाल-केशरी आणि डोळा पांढुरका. त्याला १८३६ साली गूल्ड या इंग्रजाने वेगळे नाव दिले. हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेकडे तिसरा भाऊबंद आहे, त्याच्या डोक्यावर काळा तुरा असतो आणि गळाही काळा असतो. पुढे विसाव्या शतकात असा विचार प्रबळ झाला की थोड्याथोडक्या फरकावरून वेगळी नावे देत बसू नये. मग या सर्वांना एकाच जातीत घातले आणि प्रत्येकाला उपजात ठरवले. सालिम अली आणि रिप्ले यांचा दहा खंडांचा मोठा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात निघाला, त्यातही ते असेच एकत्र आहेत. नाव आधीचे म्हणून लंकेच्या पक्ष्याचे नाव सर्वांना लागले.

हे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडचा बुलबुल इतकी वर्षं दुसऱ्याच्या रेशनकार्डावर होता म्हणायचा!"

तो मुलगा खूप हसला, पण म्हणाला, काकू, अगदी बरोबर बोललात.

पामेला रासमुसेन आणि जॉन अँडर्टन यांचा दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरचा द्विखंडी ग्रंथ २००५ साली निघाला. त्यांनी संग्रहालयांत जपून ठेवलेले पक्षी पुन्हा मोजले आणि रानात ध्वनिमुद्रित केलेले आवाज तपासले. अनेक पक्ष्यांच्या बाबतीत त्यांना असे आढळले की उपजात म्हणून ज्यांना दुसऱ्याच्या पोटात घातले होते, ते खरे तर स्वतंत्र आहेत. लंकेचा काळ्या टोपीचा बुलबुल त्यांपैकी एक आणि सह्याद्रीचा लाल गळ्याचा दुसरा. हा लाल गळ्याचा बुलबुल गोव्याचा राज्यपक्षी आहे. लंकेत असाच एक सुतारपक्षी आहे, त्याची पाठ किरमिजी आणि चोच फिकट. त्याला पूर्वी आपल्या सोनेरी पाठीच्या मोठ्या सुतारात धरत, आता तोही वेगळा मानला गेला आहे. जगात एकाच प्रदेशात सापडणाऱ्या पक्ष्याला प्रदेशनिष्ठ म्हणतात. लंकेचे असे प्रदेशनिष्ठ पक्षी १९९० च्या दशकातल्या याद्यांत २५ च्या आसपास होते, आज ते ३० च्या पुढे गेले आहेत. यातले बहुतेक पक्षी नव्याने आले नाहीत, ते तिथेच होते. मोजणाऱ्याची नजर सुधारली. एक छोटे तांबूस घुबड मात्र खरोखरच नवे निघाले. दीपल वराकागोडा यांनी त्याचा आवाज १९९५ मध्ये रानात ऐकला, पक्षी डोळ्यांना दिसायला २००१ साल उजाडले आणि २००४ मध्ये त्याला नाव मिळाले.

नातीने विचारले, "पण लंका तर जवळच आहे. पक्षी उडून का येत नाहीत?"

प्रश्न चांगला होता. मधली सामुद्रधुनी उथळ आहे. हिमयुगात समुद्र खाली गेला की भारत आणि लंका जमिनीने जोडले जात. पण लंकेचे ओले, दाट रान नैऋत्येला आहे आणि आपले सह्याद्रीत. या दोहोंच्या मध्ये तमिळनाडूचा आणि उत्तर लंकेचा कोरडा, उघडा मुलूख पसरलेला आहे. दाट सावलीत राहणारा पक्षी असा मुलूख सहसा ओलांडत नाही. म्हणजे जमीन जोडली गेली, पण रान जोडले गेले नाही. हजारो पिढ्या दोन्हीकडचे पक्षी आपापल्या ठिकाणी राहिले आणि हळूहळू रंग, आवाज, मापे वेगळी होत गेली.

"पण थोडा फरक असला तर? किती फरक झाला म्हणजे वेगळी जात?" पोरीने पुन्हा पकडले.

इथे आमचा जुना धंदा कामाला आला. आम्ही पेटीतून दोन बोल्ट काढून तिच्या हातावर ठेवले. एक अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थचा, दुसरा बारा मिलिमीटरचा मेट्रिक. म्हटले, सांग यात फरक काय? तिने उलटसुलट करून पाहिले, म्हणाली, सारखेच तर आहेत. मग म्हटले, आता याचा नट त्याला लावून बघ. बसेना. तेव्हा पिच गेज लावून दाखवले की आटे निराळे आहेत. डोळ्यांना सारखे दिसणारे मापाला सारखे असतेच असे नाही. आणि एखादा बोल्ट गंजून काळा पडला म्हणून त्याचे आटे बदलत नाहीत. वर्कशॉपात आम्ही रंगावर जात नसू, गेज लावून पाहत असू.

पक्षीशास्त्रज्ञही असेच गेज लावतात. २०१० साली काही शास्त्रज्ञांनी त्यासाठी गुणांची पद्धत सुचवली. रंग, माप, आवाज, वागणूक यांतल्या फरकाला गुण द्यायचे. किरकोळ फरकाला एक, मध्यमाला दोन, मोठ्याला तीन, अगदी ठळक फरकाला चार. एकूण सात गुण भरले तर स्वतंत्र जात. आता रक्तातले डीएनएही तपासतात. आणि हे काम एकाच दिशेने चालत नाही. थंड प्रदेशात रेडपोल नावाचा छोटा पक्षी आहे. त्याच्या तीन जाती मानत असत. जनुके तपासल्यावर कळले की फरक वरवरचा आहे. म्हणून २०२४ मध्ये महत्त्वाच्या याद्यांनी त्यांची एकच जात केली. चूक निघाली, मान्य केली, यादी सुधारली. जगातल्या वेगवेगळ्या याद्यांचा मेळ घालून २०२५ मध्ये एक सामाईक यादी निघाली, तिच्यात ११,१३१ जाती आहेत. त्या यादीत वरची जात आणि खालची जात असा रकाना नाही. गरुड उच्च आणि पिंगळा नीच असे तिथे कोणी लिहीत नाही. वेगळा म्हणजे फक्त वेगळा.

मग एवढा खटाटोप कशासाठी? आमच्या सौ.नी रेशनकार्ड म्हटले ते यासाठीच खरे. ज्याचे नाव वेगळे नाही त्याची मोजदाद वेगळी होत नाही आणि तो संपत चालला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. दक्षिण सह्याद्रीची उंच शिखरे ढगांतली बेटेच आहेत. वायनाड-कोडगूकडच्या मोजक्या शिखरांवर राहणारा एक गाणारा पक्षी दुसऱ्याची उपजात म्हणून गणला जाई. तो स्वतंत्र ठरला तेव्हा ध्यानात आले की त्याच्याकडे इतकीच शिखरे उरली आहेत. आज तो धोक्यात आलेल्या पक्ष्यांत गणला जातो.

आणि चिठ्ठी खोटी असली तर काय होते, ते आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड. त्याचा अखेरचा खरा नमुना १८८४ सालचा. माइनर्टझागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली आपल्याला तो गुजरातेत मिळाल्याचे नोंदवले होते. रासमुसेनबाईंनी तपासले तेव्हा उघड झाले की तो नमुना चोरीचा होता. डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला जुना पक्षी घेऊन त्यावर खोट्या जागेची चिठ्ठी लावली होती. ती चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर त्या आणि त्यांचे सोबती निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा सापडला. शंभरावर वर्षे ज्याला हरवला म्हणत होते तो आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी होता.

आमची थोरली लेक फोंड्याला दिली आहे. २०१८ च्या मे महिन्यात नातीला घेऊन तिच्याकडे गेलो. फोंड्यापासून बोंडला अभयारण्य जवळ. जावयांनी एका सकाळी सगळ्यांना तिथे नेले. पाण्याच्या बाजूला दाट झाडी होती. बराच वेळ काही दिसेना. मग नातीनेच आमची बाही ओढली. "आबा, तो बघा."

पिवळा, काळ्या डोक्याचा बुलबुल. आणि मान वर केली तशी गळ्यावरची ती विस्तवासारखी खूण लखलखली. कँडीला पाहिलेला आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. दोन्ही सारखेच सुंदर, पण दोन्ही निराळे, हे आता आम्हालाही दिसत होते.

पोर पुष्कळ वेळ पाहत राहिली. पक्षी उडाला तेव्हा तिने स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आबा, त्याच्या गळ्यावर खूण आहे. माझ्या गळ्यावर कुठे आहे?"

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे उरलेच नव्हते. बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवले की जातिभेद म्हणजे वंशभेद नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक फाळणी आहे. ते आम्ही कितीदा वाचले होते. पण त्या सकाळी ते आम्हाला पोरीच्या हातात दिसले.

शाळा सुरू झाल्यावर तिने त्या मैत्रिणीला दोन बुलबुलांची चित्रे काढून दिली, खाली नावे लिहून. मैत्रिणीच्या आजीला ती पटली की नाही, आम्हाला कळले नाही. मैत्री मात्र टिकली. दोघी पुढे एकाच कॉलेजात गेल्या.

बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांच्या पुस्तकात 'पक्ष्यांच्या जाती' हे शब्द आले की ते पान उलटून पुढे जाऊ नका. तिथेच थांबा. पक्ष्याची जात खुणेवर ठरते, खूण तपासता येते, तपासात चूक निघाली तर जात बदलते, आणि ती ठरवायची ती त्याला जपण्यासाठी, हे मुलांना सांगा. आणि मग त्यांना माणसावरची खूण शोधायला सांगा. आमची नात अजून शोधते आहे.